प्रिंटरला विचारलं, अंडी कशी आहेत?

“ताई, हा आकडा मेलाय!” चिमण स्वयंपाकघरातून ओरडला. “रोज कसा नाचतो! आज सकाळपासून साडेसदतीस म्हणजे साडेसदतीसच!”

भिंगरी आणि शेजारचा चष्मिष धावत आले. टॅबवर माळ्यावरच्या अंडी उबवायच्या पेटीचं तापमान दिसायचं. पेटीत आत्याची बदकाची अंडी होती, आता फुटतील मग फुटतील अशी! आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून मुलांनी सुट्टीत ही सोय केली होती. माळ्यावरचा राउटर वेगळा. त्याच्या पलीकडची पेटी घरच्या राउटरला दिसत नसे. म्हणून भिंगरीनं घरच्या राउटरमध्ये ‘स्टॅटिक रूट’ लिहिला होता. म्हणजे रस्त्यावरची पाटीच: पेटीकडे जायचंय? मग माळ्याच्या राउटरच्या या पत्त्यावरून जा!

तिघं माळ्यावर पोचली आणि भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. पेटी जेमतेम कोमट, आणि तिचा प्लग जमिनीवर!

मागोमाग आत्या धापा टाकत आली. तिनं आधी प्लग लावला, मग आवाज.

“चिमण्या! काल इथे लपाछपी कोण खेळत होतं?”

“मी... पण प्लगला हात नाही लावला गं!”

“पुरे! आता सुट्टीभर माळा बंद तुला!”

चिमणनं भरल्या डोळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं खिडकीबाहेर पाहिलं.

खाई त्याला खवखवे! पाटी लिहिली तेव्हाच चष्मिषनं भिंगरीला बजावलं होतं, “माळ्याच्या राउटरचा पत्ता पक्का करून ठेव. नाहीतर बंद होऊन चालू झाला, की नवा पत्ता घेईल.” तिला खेळायला पळायचं होतं. “केला रे!” म्हणून ती मोकळी झाली होती.

“पेटी तापतेय, तरी आकडा तोच!” खाली येऊन टॅब बघत चष्मिष म्हणाला. “घरच्या राउटरचं पान उघड बघू.”

भिंगरीनं ते उघडलं.

“आईशप्पथ! तुझ्या पाटीवरच्या पत्त्यावर काकांचा नवा प्रिंटर बसलाय!” चष्मिष खो खो हसला. “म्हणजे सकाळपासून आपण प्रिंटरला विचारतोय, अंडी कशी आहेत? उत्तर येईना, म्हणून टॅबवर जुनाच आकडा! पण... पत्ता तर तू पक्का केला होतास ना?”

भिंगरीला हसू आलं नाही. “नाही केला. खोटं बोलले मी.”

चष्मिष हळूच म्हणाला, “तरी प्लग तू नाही काढलास. प्रिंटरला हा पत्ता मिळाला, म्हणजे तेव्हा माळ्याचा राउटर बंद होता. प्रिंटर कधी लावला?”

“आज सकाळी. काकांनी!”

तिघं आत्याला घेऊन दिवाणखान्यात गेली. काका तिथे ऐटीत पेपर वाचत होते.

“काका, शर्टाची इस्त्री काय कडक आहे हो!” चष्मिष म्हणाला.

“मग! माळ्यावर शांतपणे...” काका थबकले.

“इस्त्रीसाठी तिथले प्लग काढलेत, आणि ती तापेपर्यंत खाली येऊन प्रिंटर लावलात?”

“अं... हो. पण प्लग परत लावला की मी!”

“राउटरचा!” तिघं एकदम ओरडली. “पेटीचा कोण लावणार?”

आत्यानं काकांकडे असं पाहिलं, की पेपर आपोआप वर गेला.

“शाबास पोरांनो! चिमण्या, चुकलं रे माझं.”

“थांब आत्या.” भिंगरी पुढे आली. “पाटी माझी चुकली होती. ती बरोबर असती, तर पेटी गार होतेय हे सकाळीच कळलं असतं. आणि तू चिमणला रागावलीस तेव्हा मी गप्प बसले.”

“आधी पाटी नीट कर,” आत्या म्हणाली, “मग वर ये.”

भिंगरीनं पत्ता पक्का केला, रूट सुधारला. आकडा नाचू लागला. ती वर गेली, तेव्हा आत्या अंधारात अंड्याखाली विजेरी धरून होती. आत काहीतरी हललं!

“जिवंत आहेत गं!” आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. “खरं सांगितलंस, बरं केलंस.”

चिमण मात्र अजून फुगलेलाच होता. भिंगरी त्याच्याजवळ सरकली. “पहिलं पिल्लू तुझं. नाव तूच ठेव.”

“‘ताई’ ठेवणार,” चिमण नाक ओढत म्हणाला. “म्हणजे मला रोज तिला ओरडता येईल!”