पंखाच्या काडीवरचा वण

मुलांनो, जरा हात पुढे करा. तळहातावर वीतभर लांबीची एक लाकडी काडी ठेवली आहे असं समजा आणि डोळे मिटा. आता सांगा, काडी आहे की नाही? वजनच लागत नाही ना? बाल्साचं लाकूड असंच असतं. सावरीच्या कापसाला लाकूड व्हावंसं वाटलं, तर ते असं होईल. नुसतं नख टेकलं तरी त्यावर वण उठतो, आणि तो वण जात नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता अशा काड्या जोडून, वर पातळ कागद ताणून केलेलं एक विमान डोळ्यांसमोर आणा. पंख दोन हात लांब. दिवेआगरच्या एका सुपारीच्या वाडीत, घराच्या पडवीत, ते फळीवर ठेवलेलं आहे. साल एकोणीसशे सदतीस, नवरात्राचा नववा दिवस. अकरा वर्षांची रंगू देवळातून परत येते, विमान दोन्ही हातांनी उचलते, आणि त्याचा उजवा पंख मोडक्या छत्रीसारखा खाली लोंबतो.

रंगूने विमान होतं तसंच फळीवर ठेवलं. कशालाही हात लावला नाही. मग ती जी धावत सुटली, ती दिनानाथ मिस्त्रींच्या अंगणात जाऊन थांबली.

दिनानाथ मिस्त्री बावीस वर्षं आगबोटीवर सुतारकाम करून गावी परतले होते. विलायतेच्या एका बंदरात त्यांनी बाल्साच्या काड्यांचा गठ्ठा आणि विमानाचा नकाशा विकत घेतला होता. गावातली मुलं दोन दिवस येऊन कंटाळली. रंगू पाच महिने येत राहिली. मिस्त्रींनी तिला आधी विमान शिकवलंच नाही, हत्यारं शिकवली. दाढीची पत्ती, कारण बोथट सुरी हे लाकूड कापत नाही, चिरडते. काचकागद, कारण रंधा त्याला सोसत नाही. आणि टाचण्या. चिकटवलेला सांधा सुकेपर्यंत टाचण्यांनी जागेवर धरून ठेवायचा, नाहीतर तो वाकडा सुकतो आणि वाकडाच राहतो. एवढं हातात बसल्यावर मग तिने हे विमान स्वतः बांधलं.

हे सगळं खेळासाठी नव्हतं. मिस्त्रींची बहीण नीराबाई मुरूडला राहत होती. रंगूला स्वतःकडे ठेवून तिथल्या मोठ्या शाळेत घालायला ती तयार होती. रंगूचे आजोबा येसाजी मात्र तयार नव्हते. शेवटी त्यांनी अट घातली. दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी हे चिपाडाचं पाखरू समुद्राच्या पुळणीवर केवड्याच्या बनापासून ओढून ठेवलेल्या होडीपर्यंत उडालं, तर पोरगी मुरूडला जाईल. नाही उडालं, तर पुन्हा शाळेचा विषय काढायचा नाही.

आणि दसरा उद्यावर होता.

मिस्त्री आले. पडवीत उकिडवे बसून त्यांनी पंख बराच वेळ पाहिला. पंखाच्या पुढच्या काठाची काडी, करंगळीच्या निम्म्या जाडीची, आरपार तुटली होती. वरचा कागद तिथेच दोन बोटं फाटला होता. बाकी एक काडीही दुखावलेली नव्हती. कागदावर फाटलेल्या जागी एक तांबूस ठिपका होता.

"सकाळी पंख धड होता?" मिस्त्रींनी विचारलं.

"पूजा झाल्यावर मी स्वतः पाहिला," रंगू म्हणाली. "मग देवळात गेले. आत्ता आले."

त्या वेळात घरात तिघंच होते. आजोबा येसाजी, आत्या भागुबाई आणि रंगूचे वडील हरेश्वर. वाडीत काम करणारा सदू आज सुट्टी घेऊन दिघीला गेला होता, आणि त्याला पहाटे होडीत बसताना मिस्त्रींनीच पाहिलं होतं.

भागुबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. पोरीच्या जातीला विमान कशाला, असं त्या पाच महिने रोज म्हणत होत्या. मिस्त्रींनी त्यांनाच आधी विचारलं.

"भागूताई, सकाळी पडवीत कोण आलं होतं?"

"उंदीर."

"उंदराचे दात दिसतात. दोन दोन रेघा. इथे एक नाही."

"मग मांजर आसंल."

"मांजर एकच काडी मोडून गप्प जाईल?"

"मला काय ठावं, मांजराला इचारा," आत्या म्हणाल्या. "मी सकाळपासून वडे तळत्ये. बघा, हाताला चटका हाय."

चटका होता. मिस्त्री येसाजींकडे वळले. म्हातारा ओटीवर बसून छोट्या खलबत्त्यात सुपारी कुटत होता. तोंडात दात एकही नव्हता.

"येसूबाबा, विमान मोडलं तर तुमचीच अट जिंकते," मिस्त्री सरळ म्हणाले.

"व्हय," येसाजी म्हणाले. "म्हणून मी मोडीन व्हय रं? मला जिंकायचं आसतं तर अट कशाला घातली आसती? नुसतं न्हाय म्हटलं आसतं."

या उत्तरात खोट काढता येईना.

हरेश्वर झोपाळ्यावर बसले होते. लेकीला मुरूडला धाडायचं म्हणून घरात एकटे तेच बोलत. बायको गेल्यापासून त्यांनीच रंगूला वाढवलं होतं. सकाळी कुठे होतात असं विचारल्यावर ते म्हणाले, इथंच. काही ऐकलं का, तर न्हाय. कोणी आलेलं दिसलं का, तर तेही न्हाय. मग त्यांनी मान खाली घातली आणि पायाने झोपाळा हलवत राहिले.

मिस्त्रींनी कपाळ चोळलं. तीन माणसं, तीन उत्तरं, आणि एकही पुढे सरकत नव्हतं. ते पुन्हा पंखाकडे गेले. काडीचं तुटलेलं टोक त्यांनी रंगूला उजेडात धरायला सांगितलं.

"काय दिसतं?"

"वरून साफ आहे. पत्तीनं कापल्यासारखं."

"आणि खालून?"

रंगूने टोक फिरवलं. खालच्या बाजूला लाकूड चेपलं होतं, आणि चेपलेला वण सरळ नव्हता. नखाच्या चंद्रासारखा वाकडा होता.

"पत्ती असा वण उठवत नाही," ती म्हणाली.

"नाही. मग कशाने?"

तिला सांगता येईना. मुलांनो, तुम्हाला सांगता येतंय का? मिस्त्रींना एक शंका आली होती. पण ती तपासायची तर हत्यार हातात घ्यावं लागलं असतं, आणि आज तेच शक्य नव्हतं.

ओटीच्या कोपऱ्यात पाट मांडला होता. त्यावर कोयते, नारळ सोलायचा सुळा, सुपारीच्या झाडावर चढणाऱ्या सदूची कोयती, घरातले तिन्ही अडकित्ते, आणि रंगूची हत्यारांची डबीसुद्धा. सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार उद्या सोनं लुटून येईपर्यंत कोणी हलवत नाही. मिस्त्रींची स्वतःची हत्यारंही त्यांच्या घरी अशीच फुलांखाली होती. बावीस वर्षं आगबोटीवर असतानाही या दिवशी त्यांनी रंधा उचलला नव्हता.

त्यांनी वाकून पाटावरची हत्यारं नुसती पाहिली. तिन्ही अडकित्त्यांच्या, दोन पाती जोडणाऱ्या खिळ्यावर आत्यांनी ओलं गंध लावलं होतं. ते वाळून पापडी धरली होती. एकाही पापडीला तडा नव्हता. म्हणजे पूजेनंतर यातला एकही अडकित्ता उघडला गेला नव्हता.

इथे त्यांची शंका आपटली.

"मिस्त्रीकाका," रंगू दातओठ खात म्हणाली, "कुणी केलं ते कळून पंख जुळणार आहे का? पत्ती तिथं आहे. टाचण्या तिथं आहेत. चार हातांवर. आणि मी नुसती बघत बसू?"

"कळल्याशिवाय जोडलास तर पुन्हा तुटेल," मिस्त्री म्हणाले. पण त्यांचाही आवाज चढला होता.

तेवढ्यात आत्यांनी पाहुण्यासाठी पानाचं तबक आणून ठेवलं आणि सांगून टाकलं, की आज अडकित्ते देवाच्या पाटावर, तेव्हा ओल्या सुपारीच्या कालच्याच फोडी आहेत, लाल पडल्यात, चालत असतील तर घ्या. तबकात खरंच तांबड्या, वाळक्या फोडी होत्या. ओली सुपारी कापली की घटकाभरात लाल पडायला लागते. वाडीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"त्या कशाला देतेस," झोपाळ्यावरून हरेश्वर म्हणाले. घरी आलेल्याला शिळी सुपारी द्यायची त्यांना लाज वाटली. हात आपोआप कमरेच्या पानसुपारीच्या चंचीकडे गेला, आणि त्यांनी चंचीतली फोड मिस्त्रींच्या पानावर ठेवली.

फोड आतून खोबऱ्यासारखी पांढरी होती.

मिस्त्रींनी पान तोंडात घातलं नाही. ते पानाकडे पाहत राहिले. मग त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"रंगू, मी तुला एक हत्यार शिकवायचं विसरलो," ते म्हणाले. "पत्ती एका बाजूने कापते. कात्री दोन्ही बाजूंनी. पण एक हत्यार असं आहे, की त्याचं वरचं पातं धारेचं असतं आणि खालचा ओठ बोथट, वाकडा. वरून कापतं, खालून चेपतं."

"अडकित्ता," रंगू हळूच म्हणाली. "पण तिन्ही तर पाटावर आहेत."

"तिन्ही पाटावर आहेत, आणि गंधाची पापडी शाबूत आहे. म्हणून मी अडलो होतो. शिवाय येसूबाबा खलबत्त्यात कुटतात, त्यांना अडकित्त्याचा उपयोग नाही. भागूताई रागावल्या असत्या तर त्यांनी विमान चुलीत घातलं असतं. ज्याने हे केलं त्याने एकच काडी मोडली. वाईट वाटत असताना मोडली. आणि कागदावरचा तो तांबूस ठिपका गंजाचा नाही. ओल्या सुपारीचा रस आहे, सकाळी लागलेला, आता लाल पडलेला." त्यांनी पानावरची पांढरी फोड पुढे केली. "ही फोड आत्ता, घटकाभराच्या आत कापली आहे. घरातले अडकित्ते पूजेत असताना. म्हणजे या घरात चौथा अडकित्ता आहे. ज्या माणसाला सुपारीवाचून एक दिवस काढवत नाही, त्याने तो पाटावर ठेवलाच नाही. हरेश्वर, काढ तो."

झोपाळा थांबला. हरेश्वरांनी चंचीतून बोटभर लांबीचा पितळी अडकित्ता काढला. मिस्त्रींनी बाल्साचा एक टाकाऊ तुकडा त्यांच्यापुढे धरला, आणि हरेश्वरांनी तो कापला. वरून साफ. खालून चंद्रासारखा वण.

"बाबा, तुम्ही?" रंगू म्हणाली. "तुम्हीच तर जा म्हणत होता."

हरेश्वर सांगू लागले. तिची आई दिघीहून होडीत बसून मुरूडच्या दवाखान्यात गेली, तेव्हा चार दिवसांत येते म्हणाली होती. ती परत आलीच नाही, आणि आता लेकही तीच खाडी ओलांडणार होती. तोंडाने जा म्हणत होतो, ते म्हणाले, कारण तेही खरंच होतं. "सकाळी वाटलं, पाय देऊन मोडून टाकावं. पाय उचलंना. मग म्हटलं, एकच काडी."

भागुबाई, ज्यांच्यावर सगळ्यांचा संशय होता, त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मिस्त्रींनी येसाजींना एक दिवस मागितला. म्हाताऱ्याने मान हलवली. दसरा काही पुढं सरकत नाही, अट ती अट, आणि पाटावरचं हत्यार उद्या सोनं लुटून येईपर्यंत हलायचं नाही. हे बोलताना त्यालाही बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

रंगूने एकदा पंखाकडे पाहिलं, एकदा अडकित्त्याकडे. मग ती बाबांसमोर गेली आणि तिने हात पुढे केला.

"तो अडकित्ता पूजेत नव्हता ना, आजोबा?"

येसाजींनी विचार केला. "न्हवता."

"मग त्याला उद्यापर्यंत थांबायला नको."

बाबांनी अडकित्ता तिच्या हातावर ठेवला. तिने खराट्यातून नारळाचे दोन ताठ हीर उपसले, त्यांचे पेरभर लांबीचे तुकडे अडकित्त्याने तोडले, आणि तुटलेल्या काडीच्या दोन्ही अंगांना, मोडक्या हाडाला फळ्या बांधतात तसे लावले. भागुबाईंनी न सांगता भाताच्या खळीची वाटी आणून ठेवली आणि आत गेल्या. रंगूने खळ लावली, वर दोऱ्याचे वेढे घेतले. आता सांधा सुकेपर्यंत धरून ठेवायला टाचण्या हव्या होत्या. त्या झेंडूच्या फुलाखाली होत्या.

तिने बाबांना फळीजवळ बसवलं. त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट घेऊन सांध्यावर ठेवलं.

"दाबू नका, बाबा. वण उठतो," ती म्हणाली. "नुसतं धरा."

आणि ती त्यांच्या शेजारी बसून, फाटलेल्या जागेसाठी पातळ कागदाचं ठिगळ हातानेच, जपून, फाडायला लागली.