तीन ते चार

चर्चमधून आणलेली ती वही इकडे दे आधी. पेनाला टोपण लाव. सहीची घाई नको, सूनबाई. माझा तीन ते चारचा तास आता तुला घ्यायचाय ना? मग आधी ऐक. आणि तो शिलाई मशीनचा दिवा जरा वळव, तुझा चेहरा दिसू दे मला.

आपल्या चर्चमधली प्रार्थनेची साखळी तुला माहीत आहे. मागच्या छोट्या खोलीत दिवसभर कोणी ना कोणी गुडघे टेकून बसायचं. तास संपला की वहीत सही करायची आणि पुढच्याला जागा द्यायची. सुरुवातीला सगळे धावत यायचे. मग कोणाकडे पाहुणे, कोणाची कंबर धरलेली. रविवारी उपासना सुटली की आम्ही वहीभोवती जमायचो आणि चहा पिता पिता अख्ख्या आठवड्याच्या सह्या ठोकून मोकळे व्हायचो. भरलेली वही बघून पाळकसाहेब खूश, आम्हीही खूश. खोटं कशाला बोलू, मी तर महिन्याभराच्या एकदम करायचे. देव काय वही तपासायला बसलाय, म्हणून वर हसायचे.

त्याच सुमारास माझी धाकटी बहीण इस्पितळात पडली, दुसऱ्या गावी. ऑपरेशन केलं तर वाचेल, असं डॉक्टर सांगत होते, आणि ही बाई संमतीच्या कागदावर सही करेना. "ताई, तुझा तास माझ्यासाठी ठेव," म्हणाली होती. ठेवते म्हटलं. आणि तीन ते चार मी घरी बसून लोकांच्या पडद्यांना शिलाई मारत होते.

एका मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"ताई, तू रोज येतेस ना, बरं वाटतं."

"मी कुठे आले गं?"

"तीन वाजता. खाटेशेजारी बसतेस. हातांना मशीनच्या तेलाचा वास येतो तुझ्या. म्हणतेस... राहू दे आता. झालं तेवढं पुष्कळ. कशाला उगाच धडपड..."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. घड्याळात पावणेतीन झाले होते. कात्री कमरेला तशीच खोचलेली, मी चपला अडकवल्या आणि निघाले.

रस्त्यावर ऊन रणरणत होतं, चिटपाखरू नव्हतं. चर्चमध्ये अंधारलेलं. मेणबत्त्यांचा, बंद भिंतींचा वास, आणि खोलीजवळ गेल्यावर त्यात मिसळलेला मशीनच्या तेलाचा. दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता... माझा.

मी फटीतून पाहिलं. मी शिवलेल्या उशीवर एक बाई गुडघे टेकून बसली होती, पाठमोरी. पोलक्याच्या खांद्याला काळ्या दोऱ्याची टीप. तेच पोलकं माझ्या अंगात होतं.

"आमचं सगळं ठीक आहे," ती देवाला म्हणत होती. "काही कमी नाही. तू श्रम घेऊ नकोस..." रविवारी पाळकसाहेबांशी बोलताना मी काढते ना, तो गोड आवाज.

तेवढ्यात खोलीच्या मागच्या दारावर टकटक झाली. ते दार आम्ही कित्येक वर्षं उघडलं नव्हतं, जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या त्याला लावून. टक... टक... हलकेच, फार वेळ ताटकळत उभ्या असलेल्या माणसासारखी.

"कोणी नाही," ती न वळता म्हणाली. "वारा आहे."

बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

देवाशपथ, डोक्यात अशी तिडीक गेली! माझ्या बहिणीला, माझ्याच तोंडाने, मरायला सांगते?

"ऊठ," मी दार ढकलून आत शिरत म्हटलं. "जागा माझी आहे."

"तू कुठे येतेस?" ती म्हणाली. "सह्या तूच दिल्यास... मी फक्त बसले."

खरं होतं गं. जमिनीत गाडून घ्यावं इतकी शरम वाटली. पण शरमेने मरायला वेळ कोणाला होता? मी खुर्च्या ओढायला लागले. मागे तिचा आवाज वाढत गेला, आणखी आणखी गोड होत. मानेवर गार श्वास लागला. मी वळले नाही. कडी गंजलेली, कात्रीच्या मुठीने ठोकून ठोकून उघडली.

बाहेर नुसतं रिकामं अंगण. ऊन आत आलं. आणि उन्हाबरोबर माझ्या बाजूने कोणीतरी आत गेलं, माझा पदर हलला. वळून पाहिलं तर उशी रिकामी होती. गुडघ्यांचे दोन खळगे तेवढे तसेच होते.

मी त्याच खळग्यांत गुडघे टेकले. बर्फासारखी गार होती उशी. गोड काही बोलले नाही मी. रडले, देवाशी भांडले. मी खोटारडी आहे म्हटलं, पण तिला उठव.

संध्याकाळी बहिणीचा फोन. "ताई, आज पहिल्यांदाच भांडलीस माझ्याशी. ऊठ म्हणालीस. केली बघ मी सही." ऑपरेशन झालं, ती बरी झाली, आणि आता मलाच दटावते.

तेव्हापासून मी रोज जाते, आणि चार वाजल्यावरच सही करते. कधी कधी मी पोचायच्या आधीच सही केलेली असते, माझ्याच अक्षरात. मी ती खोडते आणि त्या बाईच्या नाकावर टिच्चून तासभर बसते. गुडघे गेले म्हणून तर हा तास तुला देतेय.

हां, आता उघड वही. उद्याचं पान... थांब. तू सही केली नव्हतीस ना अजून? मग हे तीन ते चारसमोर... अक्षर तुझंच आहे. बोट लावू नकोस, ओलं आहे.

रडतेस काय! खोड ते, चांगलं जोर लावून खोड. उद्या पावणेतीनला दोघी जाऊ. मागचं दार मी उघडंच ठेवलंय.