बंद खोलीतली ओल

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी हे माझ्या वहिनीच्या तोंडून ऐकलंय, आणि माझी वहिनी थापा मारणारी बाई नाही. तिला तेवढी फुरसतच नसते.

वार बुधवार. थंडीचे दिवस. वेळ सकाळी साडेअकराची.

हो, सकाळचीच. बाहेर लख्ख ऊन होतं. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. त्या भर उजेडात हे घडलं.

वहिनीचं काम ओल शोधण्याचं. दादा गिलावा करतो, ही भिंतीचा आजार ओळखते. लोक तिला हसत 'भिंतींची डॉक्टरीण' म्हणतात. ओल कुठून येते हे कळल्याशिवाय ती दादाला थापीला हात लावू देत नाही. "आधी दुखणं, मग औषध," असं तिचं सरळ गणित.

बोलावणं आलं एका निवृत्त नर्सबाईंचं. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. नवरा वारलेला, मुलगा दुसऱ्या गावात. राहायच्या एकट्याच. घराच्या मागच्या अंगाला एक लहान खोली होती, तिच्या एका भिंतीने ओल धरली होती.

तीन कंत्राटदार येऊन हात टेकून गेले होते. पहिल्याने भिंतीला भोकं पाडून औषध भरलं. दुसऱ्याने छतावर लेप दिला. तिसऱ्याने तर कहरच केला. पाऊस आत येतो म्हणून वरचा झरोकाच विटा लावून बुजवून टाकला. त्या खोलीला खिडकी नव्हतीच. होता तो एकटा झरोका.

ओल हटली नाही. उलट वाढली.

वहिनी आधी सोमवारी जाऊन आली. बाहेरून भिंत ठणठणीत. आतून एकही पाईप गेलेला नाही. जमिनीतून ओल चढली असती तर खालपासून पट्टा दिसला असता, पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतला खार, फुटला असता. तसलं काही नाही.

नुसते तीन डाग.

एका ओळीत. जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. ताटाएवढे गोल. मधला जरा लहान... आणि जरा खाली.

तिने प्रत्येक डागावर फॉइलचा चौकोन चिकटवला, कडा टेपने घट्ट बंद केल्या.

"दोन दिवस हात लावू नका," ती सिस्टरना म्हणाली. "फॉइलच्या मागे पाणी आलं तर ओल भिंतीतली. पुढे आलं तर हवेतली. म्हणजे स्वयंपाकाची वाफ, माणसांचे श्वास, असलं काहीतरी. इथे झोपतं कोण?"

"कुणी नाही. नऊ वर्षं झाली, ही खोली बंदच असते."

बुधवारी वहिनीने फॉइल सोडवलं.

मागची बाजू खडखडीत कोरडी. पुढच्या बाजूवर मात्र थेंबांचे ओघळ.

तिने तिन्ही चौकोन उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "सिस्टर, माझा हिशेब सांगतो की या खोलीत माणसं राहतात."

सिस्टरनी पदर तोंडाला लावला. "हे तू मला लिहून देशील?"

"म्हणजे?"

"मुलगा म्हणतो, आई, तुझ्या डोक्यात फरक पडलाय. येत्या रविवारी येतोय मला न्यायला. आधी डोक्याच्या डॉक्टरकडे, मग कुठल्याशा आश्रमात. एकदा आत गेले की कोण बाहेर काढणार मला?"

"पण तुम्ही त्याला असं सांगितलंत तरी काय?"

सिस्टर त्या तीन डागांकडे एकदा बघून बाहेर निघून गेल्या.

वहिनीला वाटलं, म्हातारपण आहे, एकटेपणा आहे. खोली बंद करून हवेतली ओल मोजली की सोक्षमोक्ष लागेल. तिने हत्यारांची पिशवी आत घेतली, फोन बाहेर चार्जिंगला लावला, आणि दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं.

आत एक पिवळा बल्ब. एक लाकडी स्टूल. बाकी चार भिंती.

हवेतल्या ओलीचं मीटर दाखवत होतं अठ्ठावन्न टक्के.

पाच मिनिटांनी एकसष्ट.

मग सदुसष्ट...

एक माणूस नुसतं बसून असेल तर आकडा इतका भरभर चढत नाही. हे तिला पाठ होतं.

डाग पुन्हा तपासावे म्हणून ती भिंतीसमोर मांडी घालून बसली. आणि थबकली.

डाग बरोबर तिच्या तोंडासमोर होता.

तिने श्वास सोडला. भिंतीवर तिच्या श्वासाचा गोल उमटला. तेवढाच. त्याच जागी.

म्हणजे कुणीतरी इथे असं बसतं... भिंतीकडे तोंड करून. बसून राहतं.

मधल्या डागासमोर तोंड न्यायला तिला वाकावं लागलं. तिथे बसणारं लहान होतं.

ती ताडकन उठली आणि दाराशी गेली.

दार हलेना.

ओलीने लाकूड फुगतं, चौकटीत अडकतं. अशी शंभर दारं तिने पाहिली होती. स्वतःला तेच सांगत तिने दोन्ही हातांनी ओढलं. कडी निखळून हातात आली, दार जागचं हललं नाही.

"सिस्टर! दार अडकलंय! बाहेरून ढकला!"

सिस्टरनी ढकललं. काही उपयोग झाला नाही. मग दाराच्या फटीतून त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"पोरी, घाबरू नकोस. मी सुताराला घेऊन येते. तोवर... मोठ्याने श्वास घेऊ नकोस."

"का?"

"माणसाची चाहूल लागली की ते ऐकत बसतात."

"कोण ते?"

"चौतीस वर्षं रात्रपाळ्या केल्यात मी. अंधारात नुसत्या श्वासावरून पेशंट मोजायचे. तिघं आहेत. मधलं लेकरू आहे."

चपलांचा आवाज लांब गेला. पुढचं दार वाजलं.

मग काहीच नाही.

भाजीवाल्याची ओरडही ऐकू येईना.

वहिनीने दोन्ही हातांनी तोंड दाबून श्वास रोखला. खोलीत आता कुणाचाच श्वास नसायला हवा होता...

भिंतीपाशी कुणीतरी श्वास सोडला.

लांब. थकलेला.

त्याच्या पलीकडे दुसरा. आणि दोघांच्या मध्ये एक भरभर चालणारा, हलका, सर्दी झालेल्या पोराचा असतो तसा घरघरणारा.

तिच्या छातीत कळ आली. शेवटी तिला श्वास घ्यावाच लागला. हपापल्यासारखा, मोठा.

भिंतीजवळचे तिन्ही श्वास थांबले.

ती दाराला कपाळ टेकून उभी होती, पाठ खोलीकडे. मागे वळायची हिंमत होईना. आणि मग मानेवर ऊब जाणवली...

ओली ऊब.

उजव्या कानामागे एक. डाव्या कानामागे एक. तिसरी गुडघ्याच्या मागे.

ती मला म्हणाली, "ओरडावंसं वाटलं रे. पण ओरडायचं तर आधी श्वास आत घ्यावा लागतो. आणि तिथला श्वास माझा एकटीचा नव्हता."

मीटर ब्याण्णववर गेलं होतं. बल्बभोवती धुकं धरलं होतं. जीव नुसता कोंडत होता. तिचा, आणि... तेव्हाच तिच्या डोक्यात आलं, त्यांचाही.

या खोलीचं दुखणं तिला समजलं.

तिने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. डोळे अर्धे मिटूनच स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि बुजवलेल्या झरोक्यावर घाव घातला. तिसऱ्या कंत्राटदाराने माल कच्चा लावला होता. त्याच्या कामचुकारपणाला तिने आयुष्यात पहिल्यांदाच दुवा दिला. दहाव्या-बाराव्या घावाला वीट हलली, मग बाहेरच्या बाजूला पडली.

हातभर उजेड आत आला. गार हवा आली.

तिने तोंड त्या भोकापाशी नेलं. आणि तिच्या दोन्ही गालांना कुणाचे तरी गाल भिडले. गार, भिजलेले. ते दोघंही हवेसाठी आत रेटत होते. उजेडाच्या झोतातली धूळ बाहेर जात होती, आत येत होती... बाहेर, आत.

तेवढ्यात कुणीतरी तिचा कुर्ता खालून ओढला.

हलकेच. एकदा. मग पुन्हा.

तिला समजलं. त्याचा हात पोहोचत नव्हता.

वहिनी सांगते, त्या क्षणी भीती कुठे गेली कुणास ठाऊक. तिला दोन मुलं आहेत, म्हणून असेल. ती खाली उतरली. स्टूल झरोक्याच्या बरोबर खाली सरकवलं. आणि कोपऱ्यात जाऊन, तोंड झाकून उभी राहिली.

थोडा वेळ काही नाही.

मग स्टूल कुरकुरलं.

सुताराने पहारीने दार उचकटलं तेव्हा ती तशीच कोपऱ्यात होती. सुतार म्हणाला, "अहो ताई, केवढ्या घामाने भिजलात!" तो घाम नव्हता. पण त्याला काय सांगणार?

पाणी पिऊन झाल्यावर तिने तिथेच बसून रिपोर्ट लिहिला. तिच्या छापील कागदावर एक रकाना असतो, 'खोलीत राहणाऱ्यांची संख्या'. तिचं पेन त्यावर थांबलं. सिस्टर दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून तिच्याकडे बघत होत्या.

तिने लिहिलं, 'तीन'. खाली सही केली.

सिस्टरनी कागद वाचला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि हमसून हमसून रडल्या. "मी वेडी नाहीये गं," एवढंच म्हणत राहिल्या.

रविवारी मुलाचा फोन आला. आवाज चढलेला. "हे काय लिहून दिलंत माझ्या आईला?"

"जे मोजलं ते," वहिनी म्हणाली. "तुम्ही दहा मिनिटं दार लावून त्या खोलीत बसा. मग बोलू."

त्याने फोन ठेवला. बसला की नाही, माहीत नाही. पण संध्याकाळी तो आईला घेऊन गेला, तो स्वतःच्या घरी. डॉक्टर नाही, आश्रम नाही.

झरोका उघडाच ठेवला होता. पंधरा दिवसांत भिंत सुकली. दादाला थापी उचलावीच लागली नाही.

गोष्ट इथेच संपली असती तर मी ती मजेत सांगितली असती.

गेल्या महिन्यात घर विकलं गेलं. परवा दादा त्या गल्लीतून आला आणि जेवताना सहज बोलून गेला, "नव्या लोकांनी रंग छान दिलाय. मागची भिंतही एकसारखी केली. झरोका पार बुजवून टाकला, कळतसुद्धा नाही कुठे होता ते."

वहिनीचा घास हातातच राहिला.

"आत कुणाला झोपवणार आहेत?" तिने विचारलं.

"मुलांची खोली करणार म्हणे."

तिने नव्या मालकाचा नंबर मिळवलाय. मी तिथे बसलेलो असताना तिने दोनदा फोन उचलला, दोनदा खाली ठेवला. काय सांगणार? कुणाविषयी सांगणार? ते तिघं त्या दिवशी बाहेर गेले, की नुसते हवा घेऊन परत भिंतीपाशी बसले, हे तिलाच कुठे ठाऊक आहे?

तो नंबर तिने माझ्याकडे दिलाय. "तू बोल," म्हणाली, "तुला गोष्टी सांगता येतात."

आज चार दिवस झाले. मी अजून फोन केलेला नाही.