दोन बोटं पाणी

"ही घेऊ नका."

बरण्या विकणाऱ्याने आपल्याच बरणीबद्दल असं सांगावं, हे मला नवीन होतं. मी वर बघितलं. शितान गावच्या बाजारात सकाळपासून बारीक भुरभुर चालू होती, आणि हा माणूस छत्री बरण्यांवर धरून स्वतः भिजत उभा होता.

"का? तुमचीच आहे ना?"

"म्हणून तर सांगतोय. ही आळशी आहे."

त्याने कागदाचा बोळा पेटवून त्या बरणीत टाकला, गळ्याभोवतीच्या पन्हळीत पाणी ओतलं आणि वर झाकण पालथं घातलं. पाणी जागचं हललं नाही. मग शेजारच्या ठेंगण्या बरणीला तसंच केलं. या वेळी पन्हळीतलं पाणी गुरगुरत झाकणाखालून आत ओढलं गेलं.

"बघा. तहानलेली. अशी घ्यायची."

"तहान नाही ती," मी म्हणाले. "आतली हवा तापून पुन्हा निवते, आकसते. मग बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. पहिल्या बरणीला कुठेतरी बारीक चीर असणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. पापण्यांवर पावसाचे थेंब होते.

"म्हणजे तहानच की," तो म्हणाला.

मी चेंगडूला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तीन आठवड्यांची रजा काढून गावोगाव फिरत होते, जिथे जे चांगलं रांधतात ते शिकत. एका गावात दोनदा शिजवायचं डुकराचं मांस शिकले, दुसऱ्यात मऊ टोफू. पण आमच्याकडे मासा असो की घेवडा, चव निघते ती लोणच्याच्या बरणीतून. आणि माझ्या बरणीवर तीनदा पांढरा बुरा आला होता. मीठ-पाण्याचं प्रमाण ग्रॅममध्ये मोजूनसुद्धा.

हे सगळं मी त्याला का सांगितलं, कोण जाणे.

"माझ्या आईकडे चला," तो म्हणाला. त्याचं नाव मिंगआन. "बरण्या मी करतो, भरते ती. पण ती शिकवत नाही."

"मग?"

"बघू देते."

त्याच्या आईने, छिऊ मावशींनी, आधी माझे हात बघितले, बाजारात मुळे बघावेत तसे उलटेपालटे करून.

"शहरी हात. साबणाचा वास येतोय. बरणीला कळतं हो." मग जराशाने, "बारा दिवस राहा. वरच्या खोलीत आल्याची पोती आहेत, त्यांच्या शेजारी झोप. तुझी बरणी तू भर, तू सांभाळ. पन्हळीत रोज दोन बोटं पाणी. बाराव्या दिवशी बुरा नसला, तर माझ्या जुन्या खारातला वाडगाभर देईन."

तो खार मावशी लग्नात माहेराहून घेऊन आल्या होत्या. घराबाहेर आजवर थेंब गेला नव्हता. मला तो हवा होता, अगदी मनापासून.

"पाणी मात्र तुझ्याच हाताने," त्यांनी बजावलं. "दुसऱ्याच्या बरणीला आम्ही हात लावत नाही. या गावात सून घरात आली की पहिलं काम काय करते, माहितीये? सासूच्या बरणीला पाणी घालते. जो पाणी घालतो, तो घरचा."

मी बरणी भरली. मोहरीचा पाला, मुळा, आलं, लाल मिरच्या, मूठभर तिरफळं आणि बुडभर ज्वारीची दारू. दिवसभर मावशींच्या मागे मागे राहायचं. त्या आंबट पाला तेलात परतत, त्यात मासा सोडत. मी वहीत लिहीत असे. मिंगआन जेवायला येई तो कोपरापर्यंत माती घेऊन.

"पाणीवाल्या बाई, आज काय लिहिलंत?"

"पाला किती वेळ परतायचा ते."

"किती?"

"तुमची आई म्हणते, वास येईपर्यंत. मी घड्याळ लावलं. तीन मिनिटं दहा सेकंद."

"आणि वास कधी आला?"

"...तुम्ही दारात आलात तेव्हा. मातीचा."

मावशींनी कढईत पाणी ओतलं. त्या चरचराटात त्या हसल्या का, ते ऐकू आलं नाही.

सहाव्या दिवशी वहीत एक नोंद चुकली. निदान मला तसं वाटलं. रोज सकाळी मी पन्हळीत पाणी घालायचे, पट्टीवर बरोबर तीस मिलिमीटर. माझी दोन बोटं. चुलीच्या उबेने संध्याकाळी ते सव्वीसवर यायला हवं. आलं होतं छत्तीसवर. सातव्या दिवशीही छत्तीस. आठव्याही.

पाणी आपोआप चढत नाही.

मी पट्टी घेऊन भट्टीच्या अंगणात गेले. तो चाकावर बसला होता.

"हात पुढे करा."

"भविष्य बघताय?"

"भूतकाळ."

त्याने हात पुसून पुढे केला. मी त्याची दोन बोटं जुळवून पट्टी धरली. छत्तीस. पट्टी उचलायला हवी होती. मी ती उचलली, जरा उशिरा. त्याचे कान मिरचीसारखे लाल झाले होते.

"कोंबडी प्यायली होती पाणी," तो चाकाकडे बघत म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही नदीवर होतात. पन्हळ कोरडी पडली असती तर..."

"आणि नंतर?"

"आईला सांगू नका. खार मिळणार नाही तुम्हाला."

"मी विचारलं, नंतर?"

"नंतर... बरणी चांगली निघाली, बस." आणि त्याने चाक फिरवलं.

चार दिवस मी वाट बघितली. तो रोज जेवायला आला, रोज काहीतरी बोलला. ते सोडून सगळं बोलला.

बाराव्या दिवशी मावशींनी माझं झाकण उचललं. खार नितळ, बुऱ्याचा ठिपका नाही. त्यांनी मुळ्याचा तुकडा चावला. कुरकुर आवाज झाला. मग त्या वाडगा घ्यायला वळल्या. माझी बस दुपारची होती. गप्प राहिले असते तर निघाले असते खार घेऊन.

"मावशी, हे माझ्या एकटीच्या हाताचं नाही," मी म्हणाले. "सहाव्या दिवसापासून दुसऱ्या कुणीतरी पाणी घातलंय. चुकीच्या नोंदीवर मी सही करत नाही."

त्यांनी वाडगा परत फळीवर ठेवला.

"मग खार नाही. बाहेरच्याला तर नाहीच." त्यांनी दाराकडे मान वळवली, मिंगआन उंबऱ्यावर उभा होता. "कुणी घातलं ते कळलं. का घातलं, ते कुणी सांगणार आहे का? की तेही हिने पट्टीनेच मोजायचं?"

"पहिल्या दिवशी कोंबडीमुळे घातलं," तो पायांवरच्या मातीकडे बघत म्हणाला. "दुसऱ्या दिवसापासून कोंबडी डालग्याखाली होती. मीच ठेवली होती."

"मग?"

"मग... मला रोज घालावंसं वाटलं." आता त्याने माझ्याकडे बघितलं. "पुढेही वाटेल, सूछिन."

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली. मी रांजणातून डाव भरून घेतला, मावशींच्या काळ्या, जुन्या बरणीपाशी गेले आणि तिच्या पन्हळीत सावकाश पाणी ओतलं. पट्टी लावली नाही.

मावशींनी वाकून बघितलं.

"बोटं बारीक आहेत तुझी, पोरी. अजून थोडं घाल." मग वाडगा भरून माझ्या बरणीत खार ओतता ओतता त्या लेकाला म्हणाल्या, "तू असा उभा काय? चेंगडूपर्यंत वळणं फार. पाणी सांडेल. जा, तिला पोचवून ये. आणि नव्या वर्षाला दोघं या."

बसमध्ये बरणी माझ्या मांडीवर होती, पाण्याची बाटली त्याच्या. पहिल्याच वळणाला पाणी त्याच्या गुडघ्यावर सांडलं.

"किती घालू?"

"दोन बोटं."

"तुझी की माझी?"

मी माझं एक बोट त्याच्या एका बोटाला चिकटवून धरलं. तेहतीस मिलिमीटर. तेवढंच वहीत लिहिलं.