गुंडूची हाळी

“ओ ताई, तुमच्या मागं कुत्रं लागलंय का?”

एवढंच विचारायचं होतं. वर्गातल्या पोरींनी स्नेहलला पैज घातली होती. विचारून दाखव, तर तू खरी.

आता इथपर्यंत वाचून हसला असाल तर हसून घ्या. पुढं हसायला जागा नाही.

स्नेहल माझी सख्खी आत्तेबहीण. ती थापा मारते, पण मार्कांच्या बाबतीत. हे सांगताना तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली. जागा सांगते, म्हणजे खात्री करता येईल. उचगावच्या मागून उसातनं जाणारा रस्ता. गेल्या दिवाळीनंतरचा रविवार. वेळ, तांबडं फुटायच्या जरा आधीची.

पैज होती ती मरितबद्दल. मरित हॉलंडची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशिनं बसवायला आलेली इंजिनियर. स्नेहलच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची आणि रोज पहाटे एकटीच पळायची. उचगावात बाईमाणूस पळताना दिसलं की लोक आधी तिच्या मागं बघतात. कोण लागलंय हिच्या मागं?

स्नेहल दहावीत. वर्षापूर्वीपर्यंत वर्गात उभी राहिली की पाय लटपटायचे तिचे. मग वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली आणि तेव्हापासून हिला कुणाचं भ्या म्हणून राहिलं नाही. गेटाशी मरितला गाठून तिनं सरळ विचारून टाकलं.

मरित थांबली. धापा टाकत तिनं प्रश्नाचा नीट विचार केला. मग कारखान्यात शिकलेल्या मराठीत म्हणाली,

“न्हाय. मागं कोण न्हाय. पुढं पन कोण न्हाय. तेच तर वाईट हाय.”

भिंतीआड लपलेल्या पोरी खिदळल्या. स्नेहलला मात्र हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी ती वर गेली आणि गप्पा मारत बसली. कारखान्यात सगळे मॅडम मॅडम करतात, चहा देतात, पण आपल्यातलं कुणी मानत नाही, असं मरित सांगत होती. रविवारी तर दिवसभर तिच्या तोंडातून शब्द निघत नसे. बोलणार कुणाशी?

मग स्नेहलनंच तिला पळत्या तालमीत नेलं.

नाव ऐकून दचकू नका. कोल्हापुरात चार माणसं जमली की तालीम होते, नाहीतर मंडळ होतं. ही पळणाऱ्यांची तालीम. दर रविवारी पहाटे पळायचं आणि मग दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून घेऊन फेसाळ दूध प्यायचं. तालमीचा म्होरक्या धैर्यशील. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, आणि आवाज असा की माईक लाजेल. मरितबरोबर जातेय म्हणून स्नेहललाही घरून परवानगी मिळाली.

तालमीचा नियम एकच. मागं कुणाला सोडायचं नाही.

त्यासाठी एकजण सगळ्यांच्या शेवटी पळायचा. त्याला राखण म्हणायचे. पुढून म्होरक्यानं हाळी द्यायची, मागून राखणनं तीच हाळी उलट द्यायची. उत्तर आलं की समजायचं, सगळे आहेत. राखण व्हायला कुणी तयार नसायचं. मरितनं ते काम हौसेनं मागून घेतलं.

आणि हाळी शिकवली धैर्यशीलनं.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी पळवतात, हे तुम्हाला माहीत असेलच. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांची माळ. मालक मोटरसायकलवर पुढं, सायलेन्सर काढलेला, आणि म्हस त्याच्या हाळीवर मागं सुसाट. दुसऱ्या कुणी कितीही ओरडू दे, ती मान वळवत नाही. प्रत्येक मालकाची हाळी वेगळी. धैर्यशीलनं लहानपणी गुंडू गवळ्याची हाळी ऐकली होती. घशातून घरघरत वर चढायची, आणि शेवटी जिभेचा टक्क असा आवाज. गुंडू जाऊन बरीच वर्षं झाली होती. धैर्यशीलला वाटलं, झकास हाळी आहे, कशाला वाया घालवायची?

मरितला ती पहिल्याच दिवशी जमली. हुबेहूब. लोकांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या. कुणीतरी ‘आमची मरित’ म्हणालं. स्नेहल सांगते, त्या एका शब्दावर तिचं तोंड दिव्यासारखं उजळलं होतं.

मग सगळे कट्ट्यावर गेले. धार काढायला बाळासो होता. गुंडूचा धाकटा भाऊ. कुणीतरी आग्रह केला म्हणून मरितनं तिथं पुन्हा हाळी दिली.

धार थांबली.

कट्ट्यावरच्या सगळ्या म्हशींनी कान मागं टाकले. एकही हलेना.

बाळासो उठला आणि ही कुणी शिकवली म्हणून विचारलं. धैर्यशीलनं हसत हात वर केला.

“धैर्या, ज्याची हाळी त्याची म्हस. तू तिचा मालक न्हाईस. पुन्यांदा देऊ नका.”

“आवो बाळासो, मालक गेला, म्हस मेली. आता येतंय कोण?”

बाळासोनं बादलीतलं सगळं दूध मातीत ओतलं आणि पाठ फिरवून निघून गेला.

पुढच्या रविवारी धुकं होतं.

पुढून धैर्यशीलची हाळी गेली. मागून मरितची आली.

आणि तिच्याही मागून...

छुन्न.

एकदाच. घुंगरांच्या माळेला कुणी झटका द्यावा तसं.

त्या रस्त्यावरची कुत्री रोज अंगावर धावून यायची. त्या दिवशी एक भुंकलं नाही. सगळी पुलाच्या पाइपात घुसून बसली होती...

पळणं संपल्यावर मरित स्नेहलजवळ आली. आज माझ्यानंतर दुसरी राखण कोण होती, असं तिनं हळूच विचारलं. कुणीच नव्हतं. मरित वळली. तिच्या टीशर्टची पाठ ओली होती. घामानं नाही. चिकट, फेसाळ, जनावराच्या तोंडाची लाळ असावी तशी.

आणि त्यात तांबड्या ऑइलपेंटचा एक ओरखडा. शिंगांना लावतात तो.

ती पैज स्नेहलला तेव्हा आठवली. पण या वेळी तोच प्रश्न विचारायची तिची हिंमत झाली नाही.

तिनं धैर्यशीलला सांगून बघितलं. तो म्हणाला, उसाच्या ट्रॉलीला घासली असेल. मरितलाही म्हणाली, राखण सोड, नाहीतर येऊच नको. पण मरितनं मान हलवली. आता कुठं मला लोक आपली म्हणायला लागलेत. भ्याले म्हणून सांगितलं तर पुन्हा पाहुणी होईन.

म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी स्नेहल तिच्या सोबतीला मुद्दाम शेवटी थांबली.

दोन्ही बाजूला डोक्यावरून गेलेला ऊस. गुऱ्हाळाचा गोड धूर. पुढं तालमीतल्या लोकांच्या कपाळावरचे दिवे नाचत होते.

मग मागून लांबवर मोटरसायकल सुरू झाली. सायलेन्सर नसलेली.

फट् फट् फट् फट्...

स्नेहलनं मागं बघितलं. रस्त्यावर दिवा नव्हता, गाडी नव्हती.

आवाज बंद पडला.

आणि तो जिथं बंद पडला तिथून खुरं सुरू झाली.

डांबरावर जड खुरं. आधी चालत. मग दुडक्या चालीनं. घुंगरं तालात वाजायला लागली. छुन्न. छुन्न. छुन्न. दोघी पळत सुटल्या. कडेचा ऊस कडाकडा मोडत त्यांच्या बरोबरीनं येत होता, आणि मोडणारं कुणी दिसत नव्हतं. स्नेहलच्या मानेवर गरम श्वास आला. त्याला कडबा आणि रक्ताचा वास होता.

पुढं धैर्यशीलला यातलं काहीच माहीत नव्हतं. वळणावर पोचला आणि रोजच्या सवयीनं त्यानं हाळी दिली.

ती हाळी ऐकली, आणि मागचं ते जे काही होतं...

ते भरधाव सुटलं.

दोघींच्या मधून गेलं. स्नेहल एका कडेला फेकली गेली, मरित दुसऱ्या कडेला दगडावर. स्नेहलनं तिचं हाड मोडलेलं ऐकलं. वाळकी फांदी मोडावी तसं.

मग पुढून धैर्यशील ओरडला.

सगळ्यांचे दिवे एकदम त्याच्याकडं वळले. आणि सगळ्यांनी बघितलं. एकट्या स्नेहलनं नाही, सगळ्यांनी.

धैर्यशील जमिनीवर नव्हता. पोटात वाकलेला, हातपाय लोंबत, माणसाच्या छातीच्या उंचीवर अधांतरी. त्याच्या खाली काहीच नव्हतं. तो एकदा गरकन फिरला आणि डांबरावर आपटला. पुन्हा उचलला गेला. पुन्हा आपटला. त्याची मांडी कोयत्यानं चिरावी तशी उघडली आणि आतलं पांढरं दिसलं. मग तांबडंच तांबडं.

अमरसिंह नावाचा एक दांडगा पैलवान त्याला ओढायला धावला. हवेतून काहीतरी त्याच्या तोंडावर बसलं. तो दात थुंकत मागं पडला. पुन्हा कुणी पुढं झालं नाही. धैर्यशीलच्या भोवती खुरं गोल गोल फिरत होती. घुंगरं वाजत होती. ते कुणालाच जवळ येऊ देत नव्हतं. डांबरावर रक्ताचं थारोळं वाढत चाललं होतं, आणि त्यात खुरांचे ठसे आपोआप उमटत होते...

आता हा मरणार, एवढंच स्नेहलला कळत होतं.

तेवढ्यात शेजारी मरित उठली. डावा हात लोंबत होता. तिनं छाती भरून श्वास घेतला. ती काय करणार हे स्नेहलला कळलं.

“ताई, नको.”

“मी राखण हाय,” मरित म्हणाली. “मागं कुनाला सोडायचं न्हाय.”

आणि तिनं हाळी दिली.

खुरं थांबली.

मरित वळली आणि उचगावच्या दिशेनं पळत सुटली. एवढ्या जोरात पळताना तिला कुणी कधी बघितलं नव्हतं. पळता पळता हाळी देत होती. खुरं वळली, आणि धुक्यातून तिच्या मागं गेली. हाळी लांब जात राहिली. घुंगरंही लांब जात राहिली...

मग एक किंकाळी. मग काहीच नाही.

लोकांनी धैर्यशीलची मांडी टॉवेलानं आवळली, त्याला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तो वाचला. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

मरित सापडली बाळासोच्या गोठ्याच्या दारात. पालथी, पण जिवंत. पाठीवर शेजारी शेजारी दोन भोकं, आणि त्यांच्या कडांना तांबडा रंग. बाळासोनं सांगितलं, ती एकटीच पळत आली. तिच्या मागं काही नव्हतं. पण गोठ्यातली सगळी जनावरं दावी तोडायला निघाली होती.

नंतर त्यानंच स्नेहलच्या पप्पांना सगळं सांगितलं. गुंडूच्या म्हशीचं नाव मोगरी. एका पाडव्याला त्याच वळणावर तेलावरून गुंडूची गाडी घसरली. तो गाडीखाली अडकला आणि घाबरून मोगरीला हाक मारायला लागला. नेहमीच्याच हाळीनं. मागून सुसाट आलेली म्हस हाळी ऐकून थेट त्याच्यावर आली. तुडवला त्याला. मग त्याच्या प्रेतावर उभी राहिली आणि कुणाला हात लावू देईना. शेवटी लोकांनी पहारींनी तिचं डोकं फोडलं, तेव्हा गुंडूला उचलता आलं. त्या दिवसापासून बाळासोच्या घरात ती हाळी कुणी देत नाही. मोगरी अजून धनी शोधत असेल का, हे त्यालाही माहीत नव्हतं. पोलिसांनी मोकाट जनावराचा हल्ला असं लिहून घेतलं. कुठलं जनावर, ते काही सापडलं नाही.

मरित दवाखान्यातून घरी आली. प्रवास करायची अजून मनाई होती. पळत्या तालमीतलं कुणी ना कुणी रोज डबा घेऊन यायचं. रविवारी तर जिन्यात चप्पल ठेवायला जागा नसायची. ती सगळ्यांशी हसून बोलायची.

पण एका पहाटे स्नेहलला जाग आली. वरून आवाज येत होता.

घशातून घरघरत, वर चढत...

टक्क.

ती धावत वर गेली. मरित गाढ झोपली होती. झोपेतच तोंड उघडं, आणि तोंडातून ती हाळी. स्नेहलनं तिच्या तोंडावर हात दाबला. आवाज थांबला. सकाळी मरितला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. घराशेजारची कुत्री पहाटेची भुंकायची बंद झाली...

स्नेहलच्या मम्मीनं फाटकावरचा तांबडा ओरखडा आधी बघितला. खरं तर फाटक हिरवं आहे आमच्या आत्याचं. दुपारी मम्मीपप्पा हळू आवाजात बोलत होते. बिचारीला दुसरीकडं खोली बघून द्यावी. आपल्या घरात वयात आलेली पोरगी हाय. स्नेहलनं दाराआडून सगळं ऐकलं. मग ती सरळ आत गेली. अंथरूण काखेत होतं.

“मरितताई कुठं जाणार न्हाय,” ती म्हणाली. “एकटी पडली तर हाळी थांबणार न्हाय, आणि मोगरी थेट तिच्यावर येईल. आजपासनं मी वरच झोपणार. तिच्या तोंडावर हात ठेवायला कुणीतरी पायजे की.”

पप्पा बोलायला गेले.

बाहेर, भर दुपारी, फाटकापाशी...

छुन्न.

स्नेहल अंथरूण घेऊन जिना चढली. ती अजून वरच झोपते. पण झोपते म्हणजे काय, पहाटे जागीच असते.