पडद्यावर न येणाऱ्या ओळी

त्या दुपारी नांदेडच्या वजिराबादेतली वीज गेली नसती, तर मी त्याच्या दुकानाची पायरी चढलेच नसते. गल्लीतली चार दुकानं अंधारात बसली होती. पाचव्यात इन्व्हर्टरवर एकच पडदा उजळत होता. काळ्यावर पांढरी अक्षरं, ना चित्र, ना रंग. बाहेर श्रावणातली भुरभुर, आत ओल्या कागदांचा वास, आणि त्या अक्षरांच्या उजेडात बसलेला तो.

"पीपीटी करून मिळेल?"

"मिळेल की. आधी लिहून आणा." त्यानं मान वर केली... आणि मी पुढचा प्रश्न विसरले.

"लिहून? मला तर रंग पाहिजेत, चित्रं पाहिजेत."

"ते मी बघतो, मॅडम. तुम्ही साध्या फाइलीत नुसतं लिहा. ओळीच्या आधी हॅशची खूण केली की ते स्लाइडचं नाव. आडवी रेघ दिली की मुद्दा. अन् दोन तिरप्या रेघा दिल्या, तर ती ओळ फाइलीतच राहती, पडद्यावर येत न्हाई. आपल्या आपल्यासाठी असती ती."

"एवढ्यावर होतं?"

"माझा प्रोग्राम करतो. लोक आधी रंग निवडत बसतात, अन् बोलायचं काय ते शेवटपर्यंत ठरत न्हाई."

मला राग आला, कारण मी आठवडाभर तेच करत होते.

तो महांतेश, देगलूरचा. मी दीपमाला, नायगावची, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. लातूरच्या एका कॉलेजात लेक्चररच्या जागेसाठी मला 'मूळ पाणी कसं घेतं' हे शिकवून दाखवायचं होतं. नोकरी लागली तर नांदेड सुटणार होतं. पहिल्या दिवशी त्या सुटण्याचं काहीच वाटलं नाही. तिसऱ्या फेरीला मात्र मी दुकानाच्या काचेत केस नीट करून आत शिरले, आणि नांदेड सुटण्याची भीती वाटायला लागली.

तोंडानं बोलायची हिंमत नव्हती. म्हणून फाइल पाठवताना मुळांच्या मुद्द्यांमध्ये गुपचूप एक ओळ घातली:

// मॅडम मॅडम करणाऱ्या माणसाला हसता येतं का?

तो मेलवर दोन गोष्टी परत पाठवायचा: तयार स्लाइड्स आणि लिहिलेली फाइल. मी अधाशासारख्या स्लाइड्स उघडायचे. आपणच लिहिलेलं पुन्हा कोण वाचतं? तपकिरी माती, पांढरी मुळं, एक निळा थेंब... बघतच राहावं असं काम होतं. उत्तर मात्र कुठेच नव्हतं.

पुढच्या वेळी जरा धीट झाले:

// मी लातूरला गेले तर कुणाला फरक पडतो का?

पुन्हा सुंदर स्लाइड्स आल्या. पुन्हा उत्तर नाही. शेवटी मी दुकानात गेले. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला, स्वतःचा कप हातात नुसता फिरवत बसला.

"फाइल बघितली?" त्यानं विचारलं.

"बघितली की. छान झालीय."

"छान... बस एवढंच?"

"अजून काय?"

"न्हाई. काही न्हाई." तो पडद्याकडे वळला. मी चहा तसाच ठेवून बाहेर पडले. दगडाला पाझर फुटत नसतो, असं स्वतःला बजावत रडू आवरलं. शेवटच्या दुरुस्त्या पाठवल्या, आलेल्या स्लाइड्स पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि लातूर गाठलं.

तिथे प्रोजेक्टर रुसला. पडदा निळा तो निळाच. मुलाखत घेणारे अमरनाथ सर म्हणाले, "राहू द्या, फळ्यावर शिकवा. पाच मिनिटं घ्या तयारीला."

मुद्दे तरी डोळ्यांसमोर असावेत, म्हणून मोबाइलवर ती साधी फाइल उघडली. त्याच्याकडून आलेली, पहिल्यांदाच.

माझे प्रश्न जागच्या जागी होते. पहिल्याच्या खाली लिहिलं होतं:

// येतं. तुम्ही पायरी उतरून गेल्यावर हसून राहतो.

दुसऱ्याच्या खाली:

// पडतो. लई पडतो. मी तुमची वाट बघून राहिलो रोज.

मग मधेच, केशमुळांच्या मुद्द्याजवळ:

// इथं थांबा. श्वास घ्या. घाबरलात की भराभरा बोलता तुम्ही.

आणि अगदी तळाशी:

// बघितली म्हणालात, छान झालीय म्हणालात. समजलो. आता विचारणार न्हाई. नीट शिकवा.

खडू हातात घेतला तेव्हा डोळे भरले होते. केशमुळांपाशी मी थांबले, श्वास घेतला. इतकं सावकाश मी जन्मात कधी बोलले नव्हते. चार वाजता यादी लागली, तीत माझं नाव होतं.

फोन करावासा वाटला, पण असलं फोनवर बोलायचं नसतं. मिळाली ती एसटी धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं... खिडकीतून ओल्या सोयाबीनचा वास येत होता आणि मी त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते. तो शटर ओढायच्या बेतात असताना दुकानात पोचले.

"काय झालं?" त्यानं माझ्याकडे न बघताच विचारलं.

"निवड झाली. एक तारखेपासून लातूर."

"चांगलं झालं, मॅडम."

"महांतेश... मी नुसत्या स्लाइड्सच बघत होते. तुमची फाइल आज उघडली."

शटरवरचा त्याचा हात थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सगळी वाचली?"

"सगळी. शेवटची ओळ पटली नाही. आता विचारणार न्हाई म्हणे. विचारा ना."

"ते... लिहून दिलं तर चालेल का?"

"नाही. तोंडानं."

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला घाई नव्हती.

"दर रविवारी लातूरला येत जाऊ का? तुम्हाला भेटायला... जन्मभर?"

"नाही," मी म्हटलं, आणि त्याचा चेहरा एवढा पडला की मी चटकन त्याचा हात धरला. "एका रविवारी तुम्ही या, एका रविवारी मी येईन. एसटी दोन्हीकडून सुटते."