महादूचा आऊट टाइम

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. हे रुचिकासोबत घडलंय. ती माझी मावसबहीण, आणि थापा मारणं तिच्या रक्तात नाही.

गेल्या महिन्यातला रविवार. तिच्या कंपनीचं मानकोलीचं गोडाऊन बंद. भर दुपार. ऑफिसात रुचिका एकटी, गेटवर वॉचमन कोंडूमामा.

काम अगदी किरकोळ होतं. कामगारांच्या हजेरीच्या टेबलात 'आऊट टाइम'चा कॉलम टेक्स्टचा होता, त्यामुळे गेटवरून त्यात काहीही टाइप व्हायचं. तो बदलून फक्त वेळेचा करायचा होता. नव्या सिस्टिमला तसाच हवा होता.

तिने कमांड दिली.

एरर आली. एका ओळीत वेळेऐवजी शब्द होते.

महादू. आऊट टाइम... 'आत हाय'.

तारीख वर्षभरापूर्वीची. रुचिकाला हसूच आलं. हा कोंडूमामांचाच प्रताप! तिने शब्द पुसले, शिफ्ट सुटायची वेळ टाकली आणि पुन्हा कमांड दिली.

कॉलम बदलला.

आणि बाहेरच्या हायवेवरच्या ट्रकांचा आवाज एकदम बंद झाला...

मग गोडाऊनच्या आतून चपला वाजल्या. फटक्... फटक्... कुणीतरी घाईने घरी निघालं होतं. पावलं तिच्या दारावरून गेली. काचेतून कुणीच दिसलं नाही.

कोंडूमामा धावत आले.

"मॅडम, गेटमधला छोटा दरवाजा आपसूक उघडला! तुमी काय केलंत?"

तिने सांगितलं. म्हाताऱ्याने स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझा धाकटा भाऊ होता तो. मालाची थप्पी अंगावर पडून आतच गेला. पोरीवर लय जीव त्याचा. गेल्यावरबी रोज आतून हाका मारायचा, 'दादा, सोड, ऋतिकाला घेऊन येतो.' म्हनून मी त्याला बाहेर दाखवलाच न्हाय. परत लिवा, मॅडम!"

रुचिकाने 'आत हाय' टाइप केलं. कॉलम घेईना. त्याला आता फक्त वेळ चालत होती.

तिने कॉलम पुन्हा टेक्स्टचा केला. शब्द टाकले. सेव्ह केले.

तेवढ्यात कोंडूमामांचा फोन वाजला. महादूची बायको, मीराबाई.

"दादा, ऋतिका दारात एकटीच हसते हो... म्हनते, बाबा आला."

रुचिका अजून रोज त्या ओळीत 'आत हाय' लिहिते. सकाळी बघावं तर तिथे वेळच असते. का, ते तिला कळत नाही. मला तर विचारूच नका.

काल मीराबाईने ऋतिकाचं दप्तर उघडलं. पुस्तकं नव्हती. कपडे होते, घडी घातलेले.

"बाबा म्हनला, रविवारी निघू," ऋतिका म्हणाली.

आज शनिवार आहे.